फोर्सचं २.६ लिटर डिझेल इंजिन: ट्रॅव्हलर, ट्रॅक्स आणि जुन्या ओएम ६१६ वाल्यांचे नेहमीचे प्रश्न

ट्रॅव्हलरमधलं इंजिन मर्सिडीजचंच आहे, असं म्हणतात. ते कितपत खरं?

वंश मर्सिडीजचा, इंजिन फोर्सचं. बजाज टेम्पो ही कंपनी १९५८ साली सुरू झाली, २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. मर्सिडीजच्या २४० डी या कारमधलं ओएम ६१६ इंजिन या कंपनीने परवान्यावर भारतात बनवायला घेतलं आणि मॅटाडोर, ट्रॅक्स, ट्रॅव्हलर अशा गाड्यांत बसवलं. चार सिलिंडर, बिडाचा ब्लॉक, बिडाचं हेड, डिझेल आधी पेटतं तो छोटा कप्पा म्हणजे प्रीचेंबर, आणि वर दुहेरी टायमिंग चेन.

पुढचं २.६ लिटरचं इंजिन त्याच घराण्यातलं. जुन्या २,३९९ सीसी इंजिनाचा बोर ९०.९ मिमी आणि स्ट्रोक ९२.४ मिमी. नव्याचा बोर तोच राहिला, स्ट्रोक १०० मिमीवर गेला आणि क्षमता २,५९६ सीसी झाली. त्याच्या नावापुढचं 'सीआर' म्हणजे कॉमन रेल, सगळ्या इंजेक्टरना जोरदार दाबाचं डिझेल पुरवणारी एकच नळी. जुन्या इंजिनात पंप आणि साधे नोजल होते, इथे ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) आणि विजेवर उघडणारे इंजेक्टर आहेत. त्यामुळे 'ओएम ६१६ चा मिस्त्री आहे, करेल' एवढ्यावर नवी गाडी कुणाच्या हाती देऊ नका. लोखंडाचं काम त्याला येईल. इंधन आणि धुराच्या यंत्रणेचं काम मात्र स्कॅनरशिवाय होत नाही.

ट्रॅक्स, ट्रॅव्हलर आणि गुरखा, तिघांचं इंजिन २,५९६ सीसी. मग आकडे वेगळे का?

ट्रॅक्समध्ये हे इंजिन सुमारे ६७ किलोवॅट आणि २५० न्यूटन-मीटर देतं. ट्रॅव्हलर आणि अर्बानियात २,९५० आरपीएमला ८५ किलोवॅट आणि १,४०० ते २,२०० आरपीएमच्या पट्ट्यात ३५० न्यूटन-मीटर. २०२४ च्या गुरखात १४० पीएस, म्हणजे १०३ किलोवॅट, पण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याची ओढ, ३२० न्यूटन-मीटरच.

सीसी फक्त सिलिंडरचं आकारमान सांगते. त्यात हवा किती कोंबली, ती थंड किती केली आणि डिझेल किती सोडलं, यावर ताकद ठरते. गुरखाची ताकद जास्त असून टॉर्क कमी आहे, कारण तिथे इंजिन जास्त आरपीएमपर्यंत दम टिकवतं. माल किंवा सतरा माणसं ओढणाऱ्या गाडीला खालच्या आरपीएमवरचा टॉर्क हवा असतो, म्हणून ट्रॅव्हलरचं गणित तिकडे झुकवलेलं आहे.

इथे लोकांची एक फसगत होते. कुणी ११४ लिहितं, कुणी ११६, आणि दोन वेगळी मॉडेल असावीत असं वाटतं. ८५ किलोवॅट म्हणजे ११४ ब्रिटिश अश्वशक्ती किंवा ११५.६ पीएस. तुलना करायची असेल तर किलोवॅटमध्येच करा.

३५० न्यूटन-मीटरचा मला रस्त्यावर काय उपयोग?

टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ९,५४९ केलं की किलोवॅट मिळतात. १,४०० आरपीएमला ३५० न्यूटन-मीटर म्हणजे ५१ किलोवॅट. २,२०० ला सुमारे ८१. तिथून २,९५० पर्यंत इंजिन ओरडवलं तर फक्त ४ किलोवॅटची भर पडते आणि टॉर्क २७५ पर्यंत उतरतो. घाटात खालचा गिअर टाकून २,००० ते २,३०० वर चढणारा ड्रायव्हर आणि तीन हजारांवर रेटणारा ड्रायव्हर जवळपास एकाच वेळी वर पोचतात. दुसऱ्याचं डिझेल मात्र जास्त जातं.

आता ही ताकद पुरते का ते बघू. एकूण वजन ४ टन, चढ ६ टक्के, वेग ताशी ४० किमी. चढावर वजन ओढायला सुमारे २,३५० न्यूटन, टायरांच्या घर्षणाला ४००, हवेला दीडशे. चाकांवर ३२ किलोवॅट लागतात, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधला तोटा धरून इंजिनावर ३६ च्या आसपास. वर एसीचे तीन-चार. म्हणजे १,४०० आरपीएमलाही शिल्लक राहते. त्याच चढावर ताशी ६० ने जायचं म्हटलं की इंजिनावरची मागणी ५७ वर जाते, एसीसकट साठी ओलांडते. मग १,४०० आरपीएम पुरत नाहीत, १,८०० तरी लागतात. टॉपमध्ये गाडी गुरगुरत असताना पाय दाबून धरायचा नाही, गिअर उतरवायचा. कमी आरपीएमवर पूर्ण लोड म्हणजे बेअरिंगवर मार, काजळी जास्त आणि टर्बोला (इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला) हवा कमी.

एव्हरेज किती धरावं?

ताशी ८० ने सपाट रस्त्यावर ४ टनी उंच व्हॅनला एसीसह अंदाजे २८ किलोवॅट लागतात. असं इंजिन दर किलोवॅट-तासाला २२० ग्रॅमच्या आसपास डिझेल खातं. हिशेब केला तर तासाला सात-सव्वासात लिटर, म्हणजे लिटरला १०-११ किमी. ताशी १०० वर तीच मागणी ४४ किलोवॅटकडे जाते आणि एव्हरेज आठ-नऊवर येतं. उंच, चौकोनी गाडीला वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यावर कुठलंही ऑइल किंवा 'मायलेज वाढवणारी' बाटली चालत नाही. कॅरिअरवर ताडपत्री बांधलेली असेल तर आणखी कमी धरा.

एव्हरेज मोजताना टाकी काठोकाठ भरा, निदान ३०० किमी चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. मध्येच डीपीएफचं (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचं) रिजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जादा डिझेल टाकून जाळणं, झालेलं असेल तर आकडा घसरलेला दिसेल. दोन टाक्यांची सरासरी घ्या.

इंजिन किती लाख किलोमीटर टिकतं?

एकच आकडा सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लांब स्ट्रोकचं, तीन हजारांच्या आत काम करणारं बिडाचं इंजिन मुळात टिकाऊ असतं. लाइनर, पिस्टन, क्रँक सहसा आधी मरत नाहीत. आधी मरतात त्या भोवतीच्या गोष्टी: होस पाइप, इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), सेन्सर, टर्बो, वॉटर पंप. आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं की त्या इंजिनाला सोबत घेऊन जातात.

रोज ३०० किमी हायवेवर पळणारी गाडी तीन लाखांवर सुस्थितीत सापडते. शहरात दिवसाला ४० किमी फिरून तासन् तास आयडल राहणारी स्कूल व्हॅन किंवा रुग्णवाहिका एक लाखावरच दमलेली असते, कारण मीटर फक्त किलोमीटर मोजतो, इंजिन तास मोजतं. आयडलचा एक तास साधारण ३०-४० किमी रनिंगइतका धरून सर्व्हिसचा हिशेब करावा.

कोणतं ऑइल, आणि किती दिवसांनी?

ग्रेड आणि मुदत गाडीसोबतच्या पुस्तिकेत असते, तीच धरा. बीएस ६ गाडीत कमी राखेचं ऑइल हवं, डब्यावर 'लो सॅप्स', सीके-४ किंवा पुस्तिकेत दिलेलं तत्सम मानक बघून घ्यावं. साध्या ऑइलमधल्या धातूच्या क्षारांची राख होते आणि ती डीपीएफमध्ये बसते. काजळी जळते, राख जळत नाही. स्वस्त ऑइलमध्ये वाचलेले पैसे पुढे डीपीएफ उतरवण्यात जातात.

गाडी कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, घाट किंवा सतत आयडल यात असेल तर मुदत तिसऱ्या हिश्शाने कमी करा.

डिपस्टिकवर ऑइल *वाढलेलं* दिसलं तर खूश होऊ नका. रिजनरेशनच्या वेळी ईसीयू उशिरा जादा डिझेल फवारतो आणि रिजनरेशन अर्धवट तुटलं की त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिकला डिझेलचा वास आला, किंवा पातळी वरच्या खुणेच्या वर गेली, तर किलोमीटर न बघता ऑइल आणि फिल्टर बदला. पातळ झालेलं ऑइल मेन बेअरिंग आणि टर्बो दोन्ही खातं. आणि कारण शोधा, नाहीतर पुन्हा तेच होईल.

डीपीएफचा दिवा लागला. गाडी लगेच वर्कशॉपला न्यावी का?

नुसता डीपीएफचा दिवा असेल आणि इंजिनचा दिवा नसेल, तर आधी गाडी पळवा. डिझेल टाकी पावच्या वर असू द्या. गरम इंजिनवर, एक गिअर खाली ठेवून, २,००० आरपीएमच्या वर २०-२५ मिनिटं न थांबता चालवा. सिग्नल नसलेला बायपास किंवा हायवे निवडा. आत काजळी जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, गल्लीबोळात ते येतच नाही. दिवा विझला तरी पाच मिनिटं चालू ठेवा.

रिजनरेशन चालू आहे हे ओळखायचं असं: आयडल थोडं चढलेलं, पंखा जोरात, मागून गरम जळका वास, एव्हरेज अचानक कमी. अशा वेळी गाडी बंद केली की काम अर्धवट राहतं. दोन-तीनदा असं झालं की काजळी इतकी साचते की ईसीयू स्वतःहून रिजनरेशन करायचं नाकारतो आणि गाडी ताकद तोडते. त्यानंतर स्कॅनर लावून उभ्या गाडीवरचं रिजनरेशनच करावं लागतं. ते करताना गाडी सिमेंट किंवा मातीच्या मोकळ्या जागेत उभी करा. वाळलेलं गवत, पाचट, कडब्याची गंजी यांच्याजवळ अजिबात नको, सायलेन्सर आग लावण्याइतका तापतो.

रिजनरेशन वारंवार येत असेल, समजा दर शंभर किमीला, तर डीपीएफ हा आजार नसून लक्षण आहे. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) फाटका होस, गळका इंजेक्टर, अडकलेला ईजीआर किंवा उघडा राहिलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचं पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा वॉल्व्ह) शोधा. डीपीएफ धुऊन आणला आणि हे तसंच ठेवलं तर महिन्याभरात पुन्हा भरतो.

मिस्त्री म्हणतो थर्मोस्टॅट काढून टाकू, गाडी तापणार नाही. काढू का?

नाही. हा सल्ला जुन्या गाड्यांच्या काळातला आहे, तेव्हाही तो चुकीचाच होता. थर्मोस्टॅट नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, इंजिन हायवेवर ६०-६५ अंशांच्या वर जात नाही. थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, ऑइलमधलं पाणी उडत नाही, लाइनर झिजतात, एव्हरेज पडतं. बीएस ६ मध्ये त्याहून वाईट: पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही तर रिजनरेशन सुरूच होत नाही. स्कॅनरवर पी ०१२८ हा बिघाडाचा कोड आला असेल तर आधी थर्मोस्टॅट तपासा. गरम पाण्यात थर्मामीटरसह टाकून बघता येतो. अंगावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडायला लागला आणि पुढच्या १२-१५ अंशांत पूर्ण उघडला तर ठीक.

यूरियाची (डीईएफ) टाकी असलेल्या गाडीत काय सांभाळायचं?

डीईएफ म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के यूरिया. धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिस्टच्या आधी ते धुरात फवारलं जातं. शेतातला यूरिया विरघळवून चालत नाही. त्यातले क्षार आणि बाययुरेट कॅटॅलिस्ट कायमचं मारतात. खप डिझेलच्या ३ ते ६ टक्के धरा, म्हणजे शंभर लिटर डिझेलला तीन ते सहा लिटर. खप अजिबात होत नसेल तर तीही बिघाडाचीच खूण.

साठवणीकडे कुणी बघत नाही. २५ अंशांवर हे द्रव दीड वर्ष टिकतं, ३० वर एक वर्ष, ३५ वर फक्त सहा महिने. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली कॅन एका मोसमात खराब होऊ शकते. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं, डिझेलचा नरसाळा, नळाचं पाणी, यातलं काहीही नको. टोपणाभोवती पांढरे स्फटिक दिसले तर कोमट शुद्ध पाण्याने पुसा, खरवडू नका.

चुकून डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं तर चावीसुद्धा लावू नका, कारण चावी लावताच पंप ते ओढतो. टाकी उतरवून धुवावी लागेल. चावी लागली असेल तर पंप आणि नळ्यांतले रबरी भाग बदलायची तयारी ठेवा.

टाकी रिकामी पडत चालली की गाडी आधी इशारा देते, मग टॉर्क तोडते, आणि तरीही भरलं नाही तर रांगायला लावते किंवा पुन्हा सुरू होत नाही. हा बिघाड नाही, नियमाने घातलेली व्यवस्था आहे.

पिकअप गेला. कुठून सुरुवात करू?

स्वस्तापासून महागाकडे जा. उलट क्रमाने गेलेल्या गाड्यांवर इंजेक्टर बदललेले असतात आणि बिघाड चाळीस रुपयांच्या क्लिपमध्ये सापडतो.

आधी एअर क्लीनर उघडून बघा. उसाच्या आणि खाणीच्या रस्त्यावर तो पुस्तिकेतल्या मुदतीच्या निम्म्यात भरतो. हवा मारून झटकू नका, कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि धूळ थेट टर्बोवर जाते. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्ड, हे दोन्ही होस हाताने दाबून, वळवून बघा. बाहेरून तेलकट काळा डाग असेल तिथेच फाटलेला असतो. अशा गळतीत लोडवर काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि पी ०२९९ हा कोड येतो.

त्यानंतर डिझेल फिल्टर. चढावर ओढ लागते, सपाटीवर ठीक चालते, असं असेल आणि कोड पी ००८७ असेल तर इंधन कमी पडतंय. फिल्टर बदला, टाकीतली जाळी आणि सप्लाय पाइप बघा. सक्शनच्या बाजूला पारदर्शक नळी जोडली तर बुडबुडे दिसतात, म्हणजे गाडी हवा घेतेय.

पी ०४०१ असेल तर ईजीआर. वॉल्व्ह उतरवून कार्ब क्लीनरने आणि मऊ ब्रशने साफ करा. इलेक्ट्रिक मोटरच्या बाजूला द्रव जाऊ देऊ नका आणि बसवल्यावर स्कॅनरने शून्य स्थिती पुन्हा शिकवा, नाहीतर साफ केलेला वॉल्व्हही कोड देत राहतो. ईजीआर कूलर आतून फुटला असेल तर पाणी कमी होतं, बाहेर कुठेच थेंब नाही आणि पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. हेड पॅकिंग उघडायच्या आधी हा कूलर दाब देऊन तपासा. त्यात दोन दिवस आणि बरेच पैसे वाचतात.

इंजेक्टर खराब आहेत हे घरच्या घरी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं, रिटर्न तपासणीने. इंजिन गरम करून बंद करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून प्रत्येकी एक खुणांची बाटली जोडा आणि मूळ रिटर्न लाइन बंद करा. इंजिन आयडलला दोन मिनिटं चालवा आणि बाटल्या शेजारी ठेवून बघा. चारही साधारण सारख्या हव्यात. एखादी दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. चारही खूप भरल्या तर सगळे झिजलेत किंवा डिझेल घाण आहे. सेल्फवर गाडी लवकर लागत नसेल तर हीच तपासणी सेल्फ मारतानाही करता येते.

एक गोष्ट कधीही करायची नाही. जुन्या पंपाच्या गाडीत चालू इंजिनवर नोजलचा नट ढिला करून कोणता सिलिंडर मिस करतो ते बघायची सवय आहे. कॉमन रेलमध्ये त्या पाइपात आयडललाही शेकडो बार आणि लोडवर हजारांच्या घरात दाब असतो. ती धार कातडीत घुसते. भोक सुईएवढं दिसतं, पण हात कापायची वेळ येते. बंद केल्यावरही काही मिनिटं थांबा.

नवा इंजेक्टर बसवल्यावर त्यावर कोरलेला कोड ईसीयूत भरावा लागतो. खालचा तांब्याचा वॉशर जुना वापरायचा नाही. तो गळला की 'चक-चक' आवाज येतो आणि डांबरासारखी काजळी इंजेक्टरला भोकात चिकटवून टाकते.

डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवा लागला तर?

लगेच थांबून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सोडा, एका पेल्यात घ्या, स्वच्छ डिझेल येईपर्यंत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी दिवा न लागताच हे करावं. बीएस ६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमपर्यंतच असतं. ते कमी करण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही जातो, म्हणून रिफायनरी तो वेगळ्या मिश्रणाने परत घालते. रॉकेलची भेसळ, टँकरमधलं स्वस्त 'बायोडिझेल' किंवा पाणी यांनी तो जातो आणि हाय प्रेशर पंप धातू सोडायला लागतो. फिल्टरमध्ये चमकणारी बारीक चुरी दिसली तर एकटा पंप बदलून भागत नाही. रेल, पाइप, इंजेक्टर, टाकी सगळं साफ करावं किंवा बदलावं लागतं.

चुकून पेट्रोल भरलं गेलं तर सेल्फ मारू नका, चावीही नको. टाकी रिकामी करण्याचा खर्च पंप-इंजेक्टरच्या खर्चापुढे काहीच नाही.

घाटात तापमानाचा काटा चढला. काय करायचं?

एसी बंद, हिटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात, खालचा गिअर, हलका पाय. प्रवाशांना त्रास होईल, पण हिटर हा छोटा रेडिएटरच आहे. काटा लाल रेषेकडे गेला तर बाजूला थांबा आणि वाफ किंवा गळती दिसत नसेल तर इंजिन आयडलवर दोन-तीन मिनिटं ठेवा म्हणजे पाणी फिरत राहतं. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. एक बारच्या झाकणाखाली पाणी १२० अंशांपर्यंत न उकळता राहतं, झाकण उघडताच सगळं एकदम वाफ होऊन तोंडावर येतं.

कारणं बहुतेक वेळा ठरलेली: रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मध्ये अडकलेला कचरा (बाहेरून दिसत नाही, दोन्ही वेगळे करून मागून पुढे पाणी मारावं लागतं), थकलेला व्हिस्कस फॅन, ढिला बेल्ट, दाब न धरणारं झाकण. निम्मं कूलंट आणि निम्मं शुद्ध पाणी हेच प्रमाण ठेवा. बोअरचं पाणी घालत राहिलं की आत क्षारांचा थर बसतो आणि तो उष्णता अडवतो.

टर्बो वारंवार का जातो?

टर्बो स्वतःहून क्वचित जातो, त्याला मारलं जातं. घाट चढून माथ्यावर चहाला थांबताच इंजिन बंद केलं की लाल तापलेल्या शाफ्टभोवतीचं ऑइल जळून कोळसा होतो. एक-दोन मिनिटं आयडल पुरतं. सकाळी सुरू करताच जोरात रेस करू नये, ऑइल वर पोचायला काही सेकंद लागतात. नवा टर्बो बसवताना जुनाच ऑइल सप्लाय पाइप ठेवला, त्यात कोळसा होता, आणि नवाही महिन्यात गेला, हे फार होतं. पाइप नवा घ्या, इंटरकूलरमधलं साचलेलं ऑइल काढा, आणि सेल्फ मारण्याआधी टर्बोत थोडं ऑइल ओता. शाफ्टला आडवी किंचित हालचाल चालते. पुढे-मागे हाताला जाणवेल इतकी नको.

जुनं ओएम ६१६ आहे. टॅपेट किती ठेवू?

टॅपेट म्हणजे वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या यंत्रणेतली फट. थंड इंजिनवर इनलेट ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.३० मिमी. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. क्रँक पुलीचा बोल्ट २७ च्या सॉकेटने, इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवा. उलट फिरवलं तर चेन ढिली पडून दात सुटू शकतो. कॅमचं टोक वर असताना तो वॉल्व्ह सेट करा. १४ चे दोन वाकडे पाने लागतात, एक टोपीच्या नटाला, एक लॉकनटला, आणि स्प्रिंगची वाटी फिरू नये म्हणून तिसरा. फिलर गेज हलकं ओढ देत सरकायला हवं.

या इंजिनात एक्झॉस्टचा गॅप काळाबरोबर वाढत नाही, *कमी* होतो, कारण सीट झिजून वॉल्व्ह वर येतो. आवाज येत नाही म्हणून कुणी हात लावत नाही आणि वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं, सकाळी गाडी लागत नाही. मालकाला वाटतं इंजिन बांधायला आलं. २०-२५ हजार किमीला टॅपेट बघितलं तर ही वेळ येत नाही.

तरीही सकाळी लागत नाही, पांढरा धूर येतो.

हिटर प्लग एकेक तपासा. वायर काढून टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं प्लगला लावा. दिवा लागला नाही तर प्लग गेला. चारातला एक गेला तरी थंडीत त्रास जाणवतो. मग कॉम्प्रेशन: गरम इंजिनवर २२-२४ बार म्हणजे उत्तम, १५ च्या खाली काम काढावं, दोन सिलिंडरमधला फरक ३ बारच्या वर नको. नोजल नवे असताना ११५ बारच्या आसपास उघडतात, १०० च्या खाली गेले की पुन्हा सेट करून घ्या. हे सगळं ठीक असेल तर चेन ताणली असण्याची शक्यता धरा. थोड्या ताणासाठी कॅमची ऑफसेट चावी मिळते, पण ताण जास्त असेल तर चेनच बदला.

डीपीएफ-ईजीआर कायमचे काढून टाकले तर कटकट संपेल ना?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल बेकायदा आहे. अपघातानंतर विम्याच्या दाव्यात आणि फिटनेसच्या वेळी तो अंगाशी येऊ शकतो. शिवाय ती काजळी शाळेच्या गेटसमोर उभ्या असलेल्या मुलांच्या छातीत जाते. आणि तांत्रिक बाजूने बघितलं तर ज्या गळक्या इंजेक्टरमुळे डीपीएफ भरत होता, तो आता कोणताही दिवा न लावता पिस्टन वितळवतो.

वापरलेली ट्रॅव्हलर घेताना इंजिनात काय बघू?

इंजिन थंड असतानाच जा. बॉनेटला हात लावा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. पहिल्या-दुसऱ्या सेल्फला लागली पाहिजे. आयडलवर ऑइल भरायचं टोपण सोडून तोंडावर नुसतं ठेवा. किंचित थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर रिंगा गेल्यात. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग किंवा टोपणाखाली दुधी लोणी दिसलं तर सोडून द्या. स्कॅनर लावून जुने कोड, शेवटच्या रिजनरेशनपासूनचं अंतर आणि काजळीचं प्रमाण बघा. सगळे कोड नुकतेच पुसलेले आढळले तर तीस-चाळीस किमी चालवून पुन्हा स्कॅन करा.

सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. डीपीएफ जागेवर आणि धड असलेल्या गाडीचं टोक राखाडी, जवळपास कोरडं असतं. बोट काळंभोर झालं तर डीपीएफ फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय. नव्या डीपीएफची किंमत मागून घ्या आणि ती सौद्यातून वजा करा.